साडेपाच तासांचा फरक

वाटणी आम्ही पेनड्राइव्हवरून केली.
एक टीबीची डिस्क, दोघे भाऊ,
मधला बांध माउसने ओढून घालायचा.
योगराज म्हणाला, माझ्या गेमला सहाशे लागतील.
मी म्हणालो, घे. पावरीला चारशे पुरतील,
पावरी काही दर महिन्याला जाड होत नाही.
आई पिठाच्या हातांनी तशीच आत आली:
"वाटनी वाटनी काय लायेल शे?
तुमना बाप आजून जित्ता शे."
तिला पडदा दाखवला. निळा पट्टा, हिरवा पट्टा.
बराच वेळ बघून म्हणाली,
"हिरवं कोनले?"

कॅबिनेट इथलं, नंदुरबारचं. ग्राफिक कार्ड सुरतेचं,
कुण्या कापडवाल्याच्या मुलाने विकलेलं;
त्याच्या पंख्यात जरीचा एक धागा अजून अडकलेला आहे.
बटण दाबलं की काळ्यावर दोन ओळी येतात.
वर लिनक्स, खाली विंडोज.
दहा सेकंद.
कुणी काहीच बोललं नाही तर वरचा.
हा नियम मी लिहिला. थोरला मी आहे.

डिसेंबरात पथाऱ्यांवर मिरची पसरलेली असते,
वारा इकडे फिरला की प्रत्येक टेकमध्ये खोकला.
दमण्यादादा वसावे मोलगीकडून पहिल्या जीपने येतात,
पावरी गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीसारखी.
मी खिडकीला गादी लावतो,
पंखा बंद करतो, फ्रीजची पिन काढतो,
बफर चौसष्टवर आणतो.
हेडफोन ते घालतात आणि लगेच काढून ठेवतात.
"आवाज मागून येतो."
मी आकडा बदलतो, करकर सुरू होते, परत आणतो.
किती मागून, दादा?
ते खिडकीकडे बघतात. तिथे गादी.
"समोरच्या टेकडीइतका नाही. ह्या भिंतीइतका."
रात्री हिशोब केला. ध्वनीचा वेग, मिलिसेकंद.
भिंत बरोबर होती.

योगराज शनिवारी येतो, रात्रीच्या पॅसेंजरने,
नखांत प्रोसेस हाउसचा निळा रंग.
ताट वाढेपर्यंत मशीन चालू करतो,
दहा सेकंदांच्या आत खालचा बाण.
विंडोज उठतं आणि सांगतं:
दुपारचे चार एकोणीस.
बाहेर नऊ एकोणपन्नास, कुत्री, दुसऱ्या गाडीचा भोंगा.
माझं लिनक्स झोपताना ग्रिनिचची वेळ लावून झोपतं,
त्याचं विंडोज तीच खरी धरतं.
साडेपाच तास, एकाच मदरबोर्डवर, दर शनिवारी.
उपाय एका ओळीचा आहे. मला पाठ आहे.
चार एकोणीसला आमची शाळा सुटायची
आणि एका सायकलवर दोघे, पुढे कोण यावरून भांडण.
तो घड्याळाकडे बघतही नाही.

मग गेम म्हणतो, आधी अपडेट.
बासष्ट जीबी.
टॉवर समोरच्या गच्चीवर आहे, त्याचा काही उपयोग नाही.
आम्हीही गच्चीवर जातो.
तो रात्रपाळीचं सांगतो, सुपरवायझरचं,
खोलीत सात जण झोपतात आणि चटया पाच, हे हसत सांगतो.
मध्येच खाली जाऊन टक्के बघून येतो.
एकवीस. चाळीस. पोरगं वाढतंय, म्हणतो.
रविवारी तीनला चौऱ्याण्णव झाले.
पाचची गाडी.
शेवटचं खेळलास कधी रे?
बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत म्हणाला,
दिवाळीत. नाही, त्याच्या आधी.

आता माझ्या चारशेतले अकरा उरलेत.
दमण्यादादांनी श्वास न तोडता चाळीस मिनिटं वाजवलं,
ते कुठे ठेवू?
शेजारी तीनशे मोकळे पडून आहेत, मला दिसतात.
बांध कोरायला नांगर लागत नाही,
एक क्लिक, आणि एक इशारा: बॅकअप घेतला का?

फोन केला. त्याच्या मागे यंत्रं.
घेऊ का तुझ्यातले शंभर?
"घे ना भाऊ," म्हणाला.
पण ते मागून आलं.
भिंतीइतकं नाही.